हा आकडा कशाचा? : वस्तुमान, वजन आणि बलाची एकके

स्मरणिकेत आठवणी असतात, ऋणनिर्देश असतो, संस्थेच्या वाटचालीचा आढावा असतो. परंतु शाळेचे रोजचे काम म्हणजे पाठ. म्हणून या अंकात एक पाठही असावा, असे आम्हां विज्ञान शिकविणाऱ्यांना वाटले. माजी विद्यार्थ्यांना तो जुन्या बाकावर पुन्हा बसल्यासारखा वाटेल. ज्या पालकांना शाळेचा बाक लाभला नाही, त्यांना आपली मुले येथे काय शिकतात याची थोडी ओळख होईल.

पाठासाठी आम्ही मुद्दाम असा विषय निवडला आहे, की जेथे दरवर्षी हुशार मुलेही अडखळतात. वर्गात आम्ही विचारतो, ‘तुझे वजन किती?’ उत्तर येते, ‘बेचाळीस किलो.’ हे उत्तर व्यवहारात बरोबर आणि विज्ञानाच्या उत्तरपत्रिकेत चूक. मुलगा गोंधळतो. घरी, दुकानात, दवाखान्यात, रेशनच्या रांगेत सगळे ज्याला वजन म्हणतात, ते शाळेत एकाएकी चूक कसे ठरते? मग पुष्कळ मुले विचारायचे सोडून देतात आणि ‘९.८ ने गुणायचे’ एवढे पाठ करतात. त्यांना गुण मिळतात, पण समज मिळत नाही. केवळ परंपरेने चालत आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा गुरू सांगतात म्हणून काही स्वीकारू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले. तो उपदेश विज्ञानाच्या तासालाही लागू आहे. ९.८ ने का गुणायचे आणि केव्हा गुणायचे नाही, हे समजून घेणे हाच या पाठाचा हेतू आहे.

एक शब्द, दोन गोष्टी

‘वजन’ हा शब्द आपण दोन निराळ्या गोष्टींसाठी वापरतो. दुकानदाराकडून आपण पाच किलो तांदूळ घेतो, तेव्हा आपल्याला तांदळाचा साठा हवा असतो, म्हणजे त्यात द्रव्य किती आहे याच्याशी आपला संबंध असतो. विज्ञानात याला वस्तुमान म्हणतात. त्याचे एकक किलोग्रॅम. पदार्थ हलविण्यास वा थांबविण्यास किती जड जातो, म्हणजे त्याचे जडत्व किती, हेही वस्तुमानावरूनच ठरते.

तेच तांदळाचे पोते डोक्यावर घेतले की मान दबते. ती दबते, कारण पृथ्वी त्या पोत्याला आपल्याकडे ओढीत असते. ही ओढ म्हणजे बल. शास्त्रीय भाषेत वजन म्हणजे वस्तूवर कार्य करणारे हे गुरुत्वीय बल. बल मोजण्याचे एकक न्यूटन.

साठा आणि ओढ या दोन गोष्टी एकच का नाहीत? ६० किलोग्रॅम वस्तुमानाचा माणूस चंद्रावर गेला, तर त्याच्या शरीरातील द्रव्य तेवढेच राहते. मात्र चंद्राची ओढ पृथ्वीच्या ओढीच्या सुमारे एक षष्ठांश आहे. पृथ्वीवर त्या माणसाचे वजन सुमारे ५८८ न्यूटन असते, चंद्रावर ते सुमारे ९७ न्यूटन भरते. वस्तुमान दोन्हीकडे ६० किलोग्रॅमच.

मोजण्याची साधनेही या दोन प्रकारची आहेत. दोन पारड्यांचा तराजू एका वस्तुमानाची दुसऱ्याशी तुलना करतो. दोन्ही पारड्यांवर ओढ सारख्याच प्रमाणात कमी-जास्त होत असल्याने चंद्रावरही तो तेच उत्तर देईल. ताणकाट्यात मात्र स्प्रिंग ताणली जाते. ती ओढ मोजते आणि ओढ बदलली की तिचे उत्तर बदलते. दुकानातील आजचा इलेक्ट्रॉनिक काटाही आतून बलच मोजतो. त्या बलावरून हिशेब करून तो आपल्याला किलोग्रॅमचा आकडा दाखवितो.

एककांची ओळख

न्यूटन म्हणजे १ किलोग्रॅम वस्तुमानाच्या वस्तूमध्ये १ मी/से² इतके त्वरण निर्माण करणारे बल. ही व्याख्या मुलांना कोरडी वाटते. म्हणून आम्ही शंभर ग्रॅमची साबणाची वडी त्यांच्या तळहातावर ठेवतो. तळहाताला जो भार जाणवतो तो जवळजवळ एक न्यूटन.

जुन्या सेंटिमीटर-ग्रॅम-सेकंद पद्धतीत बलाचे एकक डाइन होते. १ ग्रॅम वस्तुमानात १ सेंमी/से² त्वरण निर्माण करणारे बल म्हणजे १ डाइन. एका किलोग्रॅमात १,००० ग्रॅम आणि एका मीटरमध्ये १०० सेंटिमीटर असल्यामुळे १ न्यूटन म्हणजे १,००,००० डाइन.

तिसरे एकक सर्वांत घोटाळ्याचे, पण कारखान्यांत अजूनही आढळणारे. ते म्हणजे किलोग्रॅम-बल. १ किलोग्रॅम वस्तुमानावर प्रमाण गुरुत्व त्वरणामुळे जे बल लागते, त्यास १ किलोग्रॅम-बल म्हणतात. नावात किलोग्रॅम असले तरी हे बलाचे एकक आहे, वस्तुमानाचे नव्हे. दाबमापकाच्या तबकडीवर ‘किलोग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर’ असे लिहिलेले असते, तेथे वस्तुतः किलोग्रॅम-बलच अभिप्रेत असते.

हा घोटाळा जगातील शास्त्रज्ञांनाही सोडवावा लागला. वजने-मापे यांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने १९०१ साली स्पष्ट केले, की किलोग्रॅम हे वस्तुमानाचे एकक आहे आणि ‘वजन’ ही राशी बलाच्या जातीची आहे. त्याच वेळी प्रमाण गुरुत्व त्वरणाचे मूल्य ९.८०६६५ मी/से² असे ठरविण्यात आले. बलाच्या एककास न्यूटन हे नाव १९४८ साली स्वीकारले गेले आणि १९६० साली आंतरराष्ट्रीय एकक पद्धतीची स्थापना झाली. किलोग्रॅमचे मान १८८९ पासून प्लॅटिनम-इरिडियमच्या एका ठोकळ्यावर आधारलेले होते. त्याची ५७ क्रमांकाची प्रत भारताकडे, नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत आहे. २० मे २०१९ पासून मात्र किलोग्रॅमची व्याख्या ठोकळ्यावर नव्हे, तर प्लांकच्या स्थिरांकावर आधारलेली आहे.

रूपांतर : दोन निराळी कामे

आता मुख्य मुद्दा. ‘किलोचे न्यूटन करा’ असे आपण म्हणतो, तेव्हा त्यात दोन निराळी कामे दडलेली असतात.

पहिले काम एकक बदलण्याचे. किलोग्रॅम-बल आणि न्यूटन ही दोन्ही बलाचीच एकके. शेराचे किलो करावेत तसे हे आहे. राशी तीच, नाव बदलले.

१ किलोग्रॅम-बल = ९.८०६६५ न्यूटन
१ ग्रॅम-बल = ९८०.६६५ डाइन
१ न्यूटन = १,००,००० डाइन = सुमारे ०.१०२ किलोग्रॅम-बल

ही समीकरणे मुंबईत, लंडनमध्ये आणि चंद्रावरही तंतोतंत खरी आहेत, कारण ती माणसांनी ठरविलेल्या व्याख्येतून आलेली आहेत.

दुसरे काम वस्तुमानावरून वजन काढण्याचे. येथे एकक बदलत नाही, राशीच बदलते.

वजन (न्यूटन) = वस्तुमान (किलोग्रॅम) × त्या ठिकाणचे गुरुत्व त्वरण (मी/से²)

किलोग्रॅमचे न्यूटन कधीच होत नाहीत. अमुक किलोग्रॅम वस्तुमानाला पृथ्वी किती न्यूटन बलाने ओढते, एवढेच आपण काढतो. म्हणून येथे ‘कोठे?’ हा प्रश्न विचारावाच लागतो. शालेय गणितात तो गृहीत धरलेला असतो आणि त्वरण ९.८ घेतलेले असते. म्हणूनच तो मुलांच्या नजरेतून सुटतो.

काही उदाहरणे पाहू.

उदाहरण १. सिमेंटच्या ५० किलोग्रॅमच्या गोणीचे वजन = ५० × ९.८ = ४९० न्यूटन.

उदाहरण २. पंधरा लिटर पाण्याने भरलेला हंडा. एक लिटर पाण्याचे वस्तुमान जवळजवळ एक किलोग्रॅम. हंड्याचा स्वतःचा भार सोडला तरी डोक्यावर १५ × ९.८ = १४७ न्यूटन बल पडते. पाणवठ्यावरून घरापर्यंत असे हंडे ज्या माउलींनी वाहिले, त्यांना हा आकडा कुणी सांगण्याची गरज नाही.

उदाहरण ३. एका वस्तूचे वजन ७३५ न्यूटन आहे. तिचे वस्तुमान किती? येथे भागाकार करावयाचा. ७३५ ÷ ९.८ = ७५ किलोग्रॅम.

उदाहरण ४. एका दोरीवर २५ किलोग्रॅम-बल इतका ताण आहे. तो न्यूटनमध्ये किती? हे पहिल्या प्रकारचे काम. २५ × ९.८०६६५ = सुमारे २४५.१७ न्यूटन.

उदाहरण ५. उद्वाहनात, म्हणजे लिफ्टमध्ये, ‘८ माणसे, ५४४ किलोग्रॅम’ अशी पाटी आढळते. माणशी ६८ किलोग्रॅम धरून हा हिशेब केलेला असतो. लिफ्ट स्थिर असता तेवढ्या माणसांमुळे दोरांवर येणारा जादा ताण ५४४ × ९.८ = सुमारे ५,३३१ न्यूटन.

उदाहरण ६. हमालाच्या पाठीवर १०० किलोग्रॅमचे पोते असेल, तर त्याच्या पाठीवर ९८० न्यूटन बल पडते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९६७ च्या शिफारशीत प्रौढ पुरुष कामगाराने अंगावर वाहावयाच्या ओझ्याची कमाल मर्यादा ५५ किलोग्रॅम, म्हणजे ५३९ न्यूटन, सांगितली आहे. आपल्या राज्यात माथाडी व हमाल कामगारांसाठी १९६९ साली कायदा झाला. आमच्या अनेक विद्यार्थ्यांच्या घरी ही पोती वाहिलेली माणसे आहेत. त्यांच्या मुलांनी ९८० आणि ५३९ हे दोन आकडे शेजारी लिहून पाहावेत.

गुरुत्व त्वरण सगळीकडे सारखे नाही

पृथ्वी अगदी गोल नाही आणि ती स्वतःभोवती फिरते. म्हणून गुरुत्व त्वरण विषुववृत्तावर सुमारे ९.७८ आणि ध्रुवांवर सुमारे ९.८३ मी/से² असते. उंचीवर गेले की ते किंचित कमी होते. महाराष्ट्रात ते सुमारे ९.७९ भरते, म्हणजे प्रमाण मूल्यापेक्षा थोडे कमी. त्यामुळे १०० किलोग्रॅम वस्तुमानाच्या पोत्याचे आपल्याकडील वजन १०० किलोग्रॅम-बल नसून सुमारे ९९.८ किलोग्रॅम-बल असते.

हा फरक केवळ पुस्तकी नाही. समजा, एखादा संवेदनशील इलेक्ट्रॉनिक काटा पॅरिसमध्ये जुळवून आणला आणि पुन्हा न जुळविता मुंबईच्या सराफी दुकानात ठेवला. तेथे तो एक किलोग्रॅम सोन्यामागे दोन ग्रॅमांहून अधिक कमी दाखवील. भाजीच्या व्यवहारात हे खपून जाईल, सोन्याच्या व्यवहारात नाही. म्हणूनच काटा ज्या ठिकाणी वापरावयाचा, तेथे प्रमाणित वस्तुमान ठेवून तो जुळवावा लागतो आणि वेळोवेळी पडताळावा लागतो. वैधमापन अधिकाऱ्याचा शिक्का हा या पडताळणीचा पुरावा असतो. ग्राहकाने तो पाहण्यास संकोच करू नये.

चूक झाली तर काय होते?

एका मेळाव्यास आलेल्या माजी विद्यार्थ्याने आम्हांस एक प्रसंग सांगितला. आयटीआय करून तो एका कारखान्यात लागला होता. तेथे एक यंत्र चेनपुलीने उचलावयाचे होते. चेनपुलीच्या पट्टीवर २० किलोन्यूटन अशी मर्यादा होती. यंत्राच्या कागदावर २.२ टन लिहिले होते. ‘वीस कुठे आणि दोन कुठे! उचला,’ असे कुणीतरी म्हणाले. हा मुलगा नवा होता, वयाने सर्वांत लहान होता. तरीही त्याने विचारले, ‘वीस कशाचे आणि दोन कशाचे?’ मग खडूने फरशीवरच हिशेब झाला. २.२ टन म्हणजे २,२०० किलोग्रॅम. २,२०० × ९.८ = २१,५६० न्यूटन, म्हणजे सुमारे २१.६ किलोन्यूटन. मर्यादा ओलांडली जात होती. यंत्राचे दोन भाग वेगळे करून ते उचलण्यात आले. काही अघटित घडले नाही, म्हणून या प्रसंगाची कोठे नोंद नाही. ‘सर, सूत्र तेव्हा नीट आठवत नव्हते,’ तो म्हणाला, ‘पण तुम्ही प्रत्येक उत्तरापुढे लाल शाईने लिहायचात ना, हा आकडा कशाचा? ते आठवले.’

ज्यांनी हा प्रश्न वेळेवर विचारला नाही, त्यांचे एक उदाहरण जगाला माहीत आहे. अमेरिकेच्या नासा संस्थेने डिसेंबर १९९८ मध्ये मंगळाकडे ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हे यान पाठविले. यानाच्या इंजिनांचे आवेग एका संगणक प्रणालीतून पौंड-बल-सेकंदात येत होते. पुढची प्रणाली ते न्यूटन-सेकंद समजून वापरीत होती. एक पौंड-बल म्हणजे सुमारे ४.४५ न्यूटन. आकडे बरोबर होते, बेरीज-वजाबाकीही बरोबर होती, फक्त ते कशाचे आहेत हे दोन्ही बाजूंनी जुळवून पाहिले गेले नाही. २३ सप्टेंबर १९९९ रोजी यान ठरलेल्या उंचीपेक्षा फारच खालून मंगळाजवळ गेले आणि नष्ट झाले. जगातील नामवंत अभियंत्यांच्या हातून जी चूक होऊ शकते, तीच नववीतील मुलाच्या हातून झाली तर त्याने खचून जाऊ नये. पण तिच्याकडे दुर्लक्षही करू नये.

मापाचा प्रामाणिकपणा

आमच्या वडीलधाऱ्यांना शेर, पायली, मण ही मापे आठवतात. मण हा शब्द सर्वत्र एकच होता, पण त्याचे मान एक नव्हते. सरकारी मण सुमारे ३७.३ किलोग्रॅमचा, तर जुना मुंबई मण २८ पौंडांचा, म्हणजे सुमारे १२.७ किलोग्रॅमचा. शब्द एक आणि माप दोन असले की ज्याच्या हाती तराजू त्याचेच खरे होते. धान्य घालताना एक माप आणि घेताना दुसरे, ही तक्रार आपल्या आजी-आजोबांच्या बोलण्यात पुष्कळांनी ऐकली असेल. १९५६ साली कायद्याने दशमान वजने-मापे स्वीकारली गेली आणि निरनिराळ्या मापांचा हा गोंधळ पुढील काही वर्षांत मागे पडला. ज्याला हिशेब विचारण्याची सोय नव्हती, अशा माणसाच्या दृष्टीने ही सुधारणा लहान नव्हती.

दीघनिकायातील पहिल्याच सुत्तात, ब्रह्मजाल सुत्तात, शीलाची जी गणना आहे तीत खोटा तराजू आणि खोटी मापे यांपासून अलिप्त राहणे याचा स्पष्ट उल्लेख आहे. खोट्या मापाने घेतलेले म्हणजे न दिलेले घेणे, आणि त्यापासून विरत राहण्याचे शील आपली मुले रोज सकाळी वंदनेत ग्रहण करतात. एककाशिवाय आकडा लिहिणे हा अर्थातच अपराध नव्हे. तरीही एककाशिवाय लिहिलेला आकडा हे अर्धेच बोलणे आहे, आणि अर्धे बोलणे ऐकणाऱ्यास फसवू शकते. म्हणून उत्तरपत्रिकेत एकक न लिहिणाऱ्याचा अर्धा गुण आम्ही कापतो. त्याबद्दल रुसलेल्या सर्व माजी विद्यार्थ्यांची आज येथे क्षमा मागतो. नियम मात्र आम्ही बदलणार नाही.

घरी करून पाहण्यासाठी

१. अंत्योदय शिधापत्रिकेवरील ३५ किलोग्रॅम धान्याचे वजन किती न्यूटन? (३४३ न्यूटन)
२. ताणकाट्याला लटकविलेल्या पिशवीचे वजन २४.५ न्यूटन आहे. तिचे वस्तुमान किती? (२.५ किलोग्रॅम)
३. ३ किलोग्रॅम-बल म्हणजे किती न्यूटन? (सुमारे २९.४२ न्यूटन)
४. १ किलोग्रॅम-बल प्रति चौरस सेंटिमीटर इतका दाब न्यूटन प्रति चौरस मीटरमध्ये सांगा. एका चौरस मीटरमध्ये १०,००० चौरस सेंटिमीटर असतात. (९८,०६६.५ न्यूटन प्रति चौरस मीटर)

पहिल्या दोन उदाहरणांत गुरुत्व त्वरण ९.८ मी/से² घेतले आहे. शेवटच्या दोन उदाहरणांत ते घेण्याचा प्रश्नच का येत नाही, हे ज्याला सांगता येईल त्याला हा पाठ समजला, असे आम्ही मानू.

पालकांस एकच विनंती. सूत्र येत नसले तरी आपण घरी हा पाठ घेऊ शकता. मूल कोणताही आकडा सांगेल तेव्हा फक्त विचारा, ‘हा आकडा कशाचा?’ त्याला उत्तर देता आले तर अभ्यास झाला आहे. नाही आले, तर त्याला दुसऱ्या दिवशी तो प्रश्न घेऊन आमच्याकडे पाठवा.